सुनावणीच्या खोलीत उभी राहिलेली संघटना

न्यूयॉर्कमध्ये पिवळी टॅक्सी चालवणाऱ्या माणसाला कायद्याच्या लेखी मालक नसतो. 1979 साली शहराने टॅक्सी पाळीच्या हिशेबाने भाड्याने द्यायला परवानगी दिली आणि मीटरवरच्या कमाईतून टक्केवारी मिळवणारा नोकरदार चालक पुढच्या काही वर्षांत ‘स्वतंत्र कंत्राटदार’ होऊन बसला. गाडी हातात येण्याआधी गॅरेजच्या खिडकीत भाडे मोजायचे, पेट्रोल पदरचे भरायचे, मग बारा-बारा तास शहरभर फिरून आधी हे पैसे वसूल करायचे आणि त्यानंतर जे उरेल ती कमाई समजायची, अशी ही व्यवस्था आहे. गिऱ्हाईक नसलेल्या दिवशी घरी काही नेण्याऐवजी खिशातले घालून येण्याची वेळ येते. अमेरिकेच्या 1935 च्या राष्ट्रीय कामगार संबंध कायद्याने कामगारांना संघटित होऊन मालकाशी वाटाघाटी करण्याचा हक्क दिला खरा, पण स्वतंत्र कंत्राटदार त्या हक्काबाहेरच राहतो. शिवाय अशा चालकांनी एकत्र बसून आपले दर ठरवायचे म्हटले, तर मक्तेदारीविरोधी कायद्यांची टांगती तलवार असतेच.

मग ज्यांना मालकच नाही त्यांनी मागण्या कोणापुढे ठेवायच्या? न्यूयॉर्क टॅक्सी वर्कर्स अलायन्स या संघटनेने पंचवीसहून अधिक वर्षांत या प्रश्नाचे जे उत्तर घडवले, ते मला स्थलांतरित कामगारांमध्ये काम करणाऱ्या संस्थांच्या नेतृत्वाचा सर्वांत शहाणा नमुना वाटते. प्रवासभाडे किती असावे, गॅरेजवाल्याने चालकाकडून एका पाळीचे जास्तीत जास्त किती पैसे घ्यावेत, दंड किती असावा, परवाना कोणत्या कारणाने निलंबित व्हावा, हे सारे शहराचा टॅक्सी अँड लिमोझिन आयोग ठरवतो, आणि नियम बदलण्यापूर्वी त्याला जाहीर सुनावणी घ्यावी लागते. चालकांना वाटाघाटीसाठी मिळणारी जागा म्हणजे ही सुनावणीची खोली आणि तिच्यापलीकडचे सिटी हॉल, हे संघटनेने लवकर ओळखले. अनेक संस्थांच्या वार्षिक अहवालात ‘नागरी सहभाग’ असे एक वेगळे प्रकरण असते आणि त्यात मतदार नोंदणीच्या शिबिरांची छायाचित्रे असतात. या संघटनेसाठी मात्र चालकाची कमाई वाढण्याचा रस्ताच नागरी सहभागातून जात होता.

संघटनेच्या कार्यकारी संचालक भैरवी देसाई गुजरातेत जन्मल्या, लहानपणी आईवडिलांबरोबर न्यू जर्सीतील हॅरिसन या गावी आल्या आणि रटगर्स विद्यापीठात स्त्री-अभ्यास शिकल्या. त्या स्वतः टॅक्सीचालक नाहीत. आशियाई लोकांवरील हिंसाचाराविरुद्ध काम करणाऱ्या एका संस्थेने भाड्याच्या टॅक्सी चालवणाऱ्यांचा एक गट बांधला होता, तेथे त्यांनी 1996 मध्ये काम सुरू केले. 1998 मध्ये बिजू मॅथ्यू, जावेद तारिक आणि इतर काही सहकाऱ्यांसह त्यांनी स्वतंत्र संघटना स्थापन केली, तेव्हा त्या जेमतेम पंचविशीच्या होत्या. जवळजवळ पूर्णपणे पुरुषांच्या धंद्यात, पंजाबी, उर्दू, बंगाली, हैतीयन क्रेओल आणि अरबी बोलणाऱ्या माणसांचे पुढारीपण एका तरुण मुलीने करावे, हे आपल्याकडच्या कामगार चळवळीच्या चौकटीतही सहज बसले नसते. चालकांच्या रांगेत, विमानतळाच्या टॅक्सीतळावर, रात्री दोन वाजता चहा मिळणाऱ्या दुकानांपाशी उभे राहून बोलणे, हीच तेव्हा संघटना बांधण्याची पद्धत होती. भ्रमणध्वनी अजून सर्वांच्या हाती आले नव्हते. अनेक पंजाबी आणि उर्दू भाषक चालकांच्या गाड्यांत सीबी रेडिओ, म्हणजे एका गाडीतून दुसऱ्या गाडीशी थेट बोलता येणारे छोटे रेडिओ, असत आणि त्यांवर रात्रभर गप्पा चालत. पहिल्या मोठ्या संपाचा निरोप बराचसा याच गप्पांच्या वाटेने पसरला.

तो संप 13 मे 1998 रोजी झाला. महापौर रूडी जुलियानी यांनी टॅक्सीचालकांसाठी सतरा नवे नियम मांडले होते. त्यांत दंड वाढवण्याचे आणि परवाना सहज निलंबित करण्याचे कलम होते. त्या दिवशी शहरातील सुमारे 12,000 पिवळ्या टॅक्सींपैकी बहुसंख्य चोवीस तास रस्त्यावर आल्याच नाहीत. मला त्या तारखेचे महत्त्व आणखी एका कारणाने वाटते. 11 मे रोजी भारताने पोखरणला अणुचाचण्या केल्या होत्या आणि 13 मे रोजी, म्हणजे नेमक्या संपाच्या दिवशी, आणखी दोन केल्या. दोन्ही देशांत युद्धाची भाषा सुरू असताना न्यूयॉर्कमध्ये भारतीय आणि पाकिस्तानी चालक एकाच मागणीसाठी गाड्या उभ्या करून बसले होते. एकोप्याचे भाषण कोणी केले असेल किंवा नसेल; पण दंडाची रक्कम दोघांच्याही खिशातून सारखीच जाणार होती आणि तेवढे पुरेसे ठरले.

संपाने नियम मात्र थांबले नाहीत, बहुतेक नियम त्याच महिन्याच्या अखेरीस मंजूर झाले. येथे एखादी लहान संघटना विस्कटली असती. पुढची सहा वर्षे या संघटनेने काय केले, ते कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच लिहिण्यासारखे आहे. चालकांच्या कमाईचे हिशेब गोळा केले, गॅरेजच्या पावत्या जमवल्या, दंडाच्या प्रकरणांत कायदेशीर मदत दिली आणि आयोगाच्या सुनावण्यांना माणसे पाठवत राहिले. 2004 मध्ये आयोगाने प्रवासभाडे 26 टक्क्यांनी वाढवले, मीटर दोन डॉलरऐवजी अडीच डॉलरपासून सुरू होऊ लागला. 1996 नंतरची ती पहिली भाडेवाढ होती. आधीच्या भाडेवाढीत मलई गॅरेजवाल्यांनी खाल्ल्याची चालकांची तक्रार असे. या वेळी गाडीच्या भाड्याची कमाल मर्यादा थोडीच वाढवली गेल्यामुळे वाढीचा मोठा हिस्सा चालकाच्या हाती राहिला. भाडेवाढ मागणे सोपे असते, पण वाढलेला पैसा कोणत्या खिशात जाईल हे कलमाच्या पातळीवर पाहणे हे खरे कौशल्य आहे आणि ते मोर्चात शिकता येत नाही.

मी न्यू जर्सीत राहते आणि माझे कार्यालय मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला आहे. आयोगाची कचेरी तेथून जवळ, बीव्हर स्ट्रीटवर आहे, आणि एका सुनावणीला मी केवळ कुतूहलाने मागच्या रांगेत जाऊन बसले होते. वक्त्याला मिळणारा वेळ दोन-तीन मिनिटांचा. पन्नाशीचे एक चालक उठले, त्यांनी चष्मा लावला आणि चार घड्या घातलेला कागद उलगडला. त्यावर एका आठवड्याचा हिशेब होता: तास किती, गाडीचे भाडे किती, पेट्रोल किती, हातात किती. इंग्रजी तुटक होते, पण आकडे वाचताना आवाज ठाम होता. त्यांच्यानंतरच्या माणसाकडेही तसाच कागद होता, त्याच्यानंतरच्याकडेही. कोणी आपली करुण कहाणी सांगितली नाही. समोरचे आयुक्त सुरुवातीला कागद चाळत होते, चौथ्या-पाचव्या हिशेबानंतर त्यांतील एकाने पेन उचलून लिहून घ्यायला सुरुवात केली. सुनावणीला येण्यासाठी यांतील प्रत्येकाने त्या दिवशीची काही तासांची कमाई सोडली होती, आणि गाडी भाड्याची असेल तर तिचे पैसे चालूच होते. माणसांना अशा ठिकाणी एकदा आणता येते. वर्षानुवर्षे आणत राहायचे असेल तर आपल्या बोलण्याने काही हलते, असा अनुभव त्यांना अधूनमधून यावा लागतो.

सगळे हललेच असे नाही. 2012 च्या भाडेवाढीत आयोगाने प्रत्येक फेरीमागे 6 सेंट बाजूला काढून चालकांच्या आरोग्यासाठी निधी उभारण्याचे ठरवले होते. मी नवी मुंबईत, वाशीच्या बाजार समितीच्या आसपास वाढले, त्यामुळे ही कल्पना मला ओळखीची वाटली. अनेक व्यापाऱ्यांची ओझी वाहणाऱ्या, पण कोणा एकाचाही नोकर नसलेल्या माथाडींसाठी महाराष्ट्राने 1969 मध्ये जो कायदा केला, त्याचा गाभा हाच आहे: व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरायची आणि मंडळाने त्यातून कामगाराला मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस द्यायचा. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीने मिळवलेली ही रचना ‘मालक कोण’ या प्रश्नाला बगल देऊन पैशाला कामगारापर्यंत पोहोचवते. न्यूयॉर्कचा निधी मात्र न्यायालयात टिकला नाही. अशी वसुली करण्याचा अधिकार आयोगाला नाही, असा निकाल लागला. महाराष्ट्रात त्यामागे विधिमंडळाचा कायदा होता, न्यूयॉर्कमध्ये फक्त आयोगाचा नियम होता, एवढाच फरक. पण तो निर्णायक ठरला. माथाडी मंडळांतील आजचे गैरप्रकार मला ठाऊक आहेत आणि त्यांचे समर्थन करण्याचा माझा हेतू नाही. तरीही पन्नास वर्षांपूर्वीचा आपला एक कायदा अमेरिकेतील ‘गिग’ कामगारांच्या चर्चेत कोणी मांडत नाही, याची खंत वाटते.

संघटनेची सर्वांत मोठी लढाई मेडॅलियनच्या कर्जाची. टॅक्सी रस्त्यावर व्यवसायासाठी काढण्याचा परवाना म्हणजे हे मेडॅलियन. 1937 च्या कायद्याने त्यांची संख्या मर्यादित केली आणि अलीकडे ती 13,587 होती. शहर स्वतः नवी मेडॅलियन लिलावात विकत असे आणि शेअर बाजारापेक्षा चांगली गुंतवणूक म्हणून त्यांची जाहिरात करत असे. लिलाव आणि खरेदी-विक्रीवरील करांतून शहराच्या तिजोरीत 85 कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमा झाली. 2014 च्या सुमारास एका मेडॅलियनचा भाव दहा लाख डॉलरच्या वर गेला होता. वर्षानुवर्षे दुसऱ्याची गाडी चालवून थकलेल्या चालकांनी घर गहाण ठेवून, भलतीच कर्जे काढून ती विकत घेतली. मग ॲपवरून बोलावता येणाऱ्या उबर आणि लिफ्ट या कंपन्यांच्या गाड्यांचा पूर आला आणि भाव कोसळला. 2018 मध्ये कर्ज आणि घटत्या कमाईच्या फेऱ्यात सापडलेल्या अनेक चालकांनी आत्महत्या केल्या. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये शहर परिषदेने ॲपवरच्या नव्या गाड्यांवर मर्यादा घातली आणि ॲपचालकांना किमान मोबदला ठरवण्याचा अधिकार आयोगाला दिला. फेब्रुवारी 2019 पासून खर्च वजा जाता तासाला 17.22 डॉलर हा किमान दर लागू झाला. पिवळ्या टॅक्सीवाल्यांची संघटना ॲपचालकांसाठीही लढली, हे विशेष. दोन गटांत भांडण लावणे कोणालाही सोपे होते, आणि संघटनेतल्या पिवळ्या टॅक्सीवाल्यांना उबरवाले डोळ्यांसमोर नको होते, हे उघड आहे. तरीही संघटनेने ॲपचालकांना सभासद करून घेतले.

मार्च 2021 मध्ये शहराने साडेसहा कोटी डॉलरचा मदतनिधी जाहीर केला. कर्जाची फेररचना करणाऱ्या प्रत्येक मालक-चालकाला 20,000 डॉलरचे अनुदान, असा तो प्रस्ताव. संघटनेच्या सांगण्यानुसार सरासरी कर्ज साडेपाच लाख डॉलरच्या आसपास होते, तेव्हा हे अनुदान सरळ सावकाराच्या घशात गेले असते आणि चालक होता तेथेच राहिला असता. संघटनेने स्वतःचा आराखडा मांडला: मुद्दल जास्तीत जास्त 1,25,000 डॉलरवर आणावे, महिन्याचा हप्ता 757 डॉलर असावा आणि शहराने कर्जाची हमी द्यावी. हमी हा त्यातला कळीचा भाग होता, कारण हमी मिळाली की सावकाराला मुद्दल कमी करायला काही कारण मिळते आणि शहराला एकदम मोठी रक्कम काढून द्यावी लागत नाही.

19 सप्टेंबर 2021 पासून सिटी हॉलबाहेर ब्रॉडवेच्या पदपथावर अहोरात्र धरणे सुरू झाले. करोनाच्या काळातही मला आठवड्यातून दोनदा कार्यालयात जावे लागे, त्यामुळे येता-जाता ते दिसे. घडीच्या खुर्च्या, घोंगड्या, हाताने लिहिलेले फलक आणि रस्त्याच्या कडेने उभ्या पिवळ्या गाड्या. एका सकाळी बांगलादेशातल्या सिल्हटहून आलेल्या एका वयस्क चालकाशी मी हिंदीत बोलले. त्यांनी फोनवर बँकेचा संदेश दाखवला. हप्ता तीन हजार डॉलरच्या घरात होता आणि मुद्दलातून त्यातले किती वजा झाले, हे सांगताना ते कसनुसे हसले. मी त्यांना विचारले की शहराने देऊ केलेले पैसे का घेतले नाहीत. त्यांनी मला हमीचे गणित समजावून सांगितले, आमच्या वित्त विभागातील एखाद्याने सांगितले असते त्याहून सोपे करून. या संघटनेचे नेतृत्व कसे आहे याची मला त्या एका संभाषणाने जितकी कल्पना आली, तितकी देसाईंच्या मुलाखती वाचून आली नव्हती. तो आराखडा पदपथावर बसलेल्या माणसाला मुखोद्गत होता.

20 ऑक्टोबरला बेमुदत उपोषण सुरू झाले. त्यात वयस्क चालक होते, देसाई होत्या, आणि क्वीन्समधून राज्य विधानसभेवर निवडून आलेले झोहरान ममदानी हेही होते. पंधराव्या दिवशी, 3 नोव्हेंबरला, शहर आणि सर्वांत मोठी कर्ज देणारी कंपनी मार्बलगेट यांच्याबरोबर समझोता झाला: मुद्दल दोन लाख डॉलरपर्यंत खाली, त्यातले 30,000 शहराच्या अनुदानातून, उरलेल्या 1,70,000 वर शहराची हमी, आणि महिन्याचा हप्ता जास्तीत जास्त 1,122 डॉलर. प्रत्यक्ष अंमलबजावणी 2022 मध्ये होईपर्यंत व्याजदर चढले होते, म्हणून हप्ता 1,234 डॉलरवर गेला आणि मुदत वीसऐवजी पंचवीस वर्षांची झाली. मूळ मागणीच्या तुलनेत हे कमीच होते, पण ज्या महापालिकेने आधी हमीचा शब्दही उच्चारला नव्हता, तिच्याकडून हमी लिहून घेतली गेली.

या सगळ्यात मतपेटीचा भाग फार लहान आहे, कारण चालकांतील अनेकांना मतच नाही. डिसेंबर 2021 मध्ये शहर परिषदेने ग्रीनकार्डधारक आणि काम करण्याचा परवाना असलेल्या रहिवाशांना महापालिकेच्या निवडणुकीत मतदानाचा हक्क देणारा कायदा केला होता. आठ लाखांहून अधिक लोकांना त्याचा लाभ झाला असता. तो कधी अमलात आलाच नाही आणि मार्च 2025 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. सुनावणीत बोलण्यासाठी मात्र नागरिकत्व लागत नाही. आमच्यासारखे एच-वन-बी व्हिसावर आलेले किंवा वर्षानुवर्षे ग्रीनकार्डाच्या रांगेत असलेले मराठी लोक ‘आपल्याला मत नाही, मग कशाला’ असे म्हणून गावच्या नियोजन मंडळाच्या किंवा शाळा मंडळाच्या बैठकीला जात नाहीत आणि मालमत्ता कर वाढला की मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर तक्रार करतात. गणेशोत्सवासाठी सभागृह मिळवताना आमची कार्यक्षमता वाखाणण्यासारखी असते. ती तेवढ्यावरच का थांबते, हे मला कळलेले नाही.

2017 मध्ये मुस्लिमबहुल देशांतील लोकांच्या प्रवेशबंदीचा आदेश निघाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी, 28 जानेवारीला, संध्याकाळी सहा ते सात या वेळेत केनेडी विमानतळावर टॅक्सीचालकांनी प्रवासी घेतले नाहीत. त्या एका तासात कमाईची कोणतीही मागणी नव्हती. मला वाटते, अशा प्रसंगी भूमिका घेण्याचे धैर्य संघटनेला आधीच्या हिशेबी कामानेच दिले होते. गॅरेजच्या पावत्यांसाठी जी संघटना उभी राहते, तिच्या हाकेला सभासद पावत्यांपलीकडच्या गोष्टीसाठीही येतात. याउलट 2016 मध्ये उबर आणि यंत्रकामगारांची युनियन यांच्यातील कराराने चालकांचा जो गिल्ड निर्माण झाला, त्याला कंपनीकडून आर्थिक साहाय्य होते. कंपनीच्या पैशावर चालणाऱ्या मंचाने काही सुविधा मिळवून दिल्या, हे नाकारता येत नाही. पण 2014 ते 2017 या काळात चालकांच्या पैशातून विक्रीकर आणि विमानिधीची रक्कम कापली गेल्याचा मुद्दा टॅक्सी वर्कर्स अलायन्सने लावून धरला होता, आणि नोव्हेंबर 2023 मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलनी उबर आणि लिफ्टकडून 32 कोटी 80 लाख डॉलरचा समझोता करून घेतला, हेही त्याच तराजूत ठेवले पाहिजे.

मला एक गोष्ट खटकते. पंचवीसहून अधिक वर्षे एकच चेहरा संघटनेच्या अग्रभागी आहे आणि वृत्तपत्रांत संघटनेचे नाव आले की देसाईंचेच अवतरण येते. आपल्या गिरणी संपापासून आपण हे पाहत आलो आहोत की, पुढारी कितीही प्रामाणिक असला तरी दुसरी फळी दिसली नाही तर समोरचा पक्ष वाट पाहत बसतो. दुसरा पेच नवा आहे. उपोषणाला बसलेले ममदानी 1 जानेवारी 2026 रोजी शहराचे महापौर झाले. आपला माणूस खुर्चीत बसला की संघटनेची धार बोथट होण्याचा अनुभव मुंबई-पुण्यातल्या कोणत्याही कार्यकर्त्याला विचारावा. आयोगाच्या अध्यक्षपदाचे नाव महापौर सुचवतात. तेव्हा यापुढे सुनावणीत हिशेबाचा कागद वाचताना समोर मित्रपक्ष असेल, आणि मित्रापुढे आकडे तितक्याच कोरडेपणाने वाचावे लागतील.

त्याहून मोठा बदल दुसरीकडून येत आहे. ऑगस्ट 2025 मध्ये शहराने वेमो कंपनीला मॅनहॅटन आणि डाउनटाउन ब्रुकलिनमध्ये आठ स्वयंचलित गाड्यांची चाचणी घेण्याचा परवाना दिला, सुरक्षेसाठी चालकाच्या आसनावर माणूस बसवण्याच्या अटीवर. ही अट राज्याच्या कायद्यातून येते, म्हणजे ती काढायची की ठेवायची याचा निर्णय बीव्हर स्ट्रीटवर होणार नाही. तो ऑल्बनीला, राज्याच्या विधिमंडळात होईल. तेथे ओळखीचा टॅक्सी आयोग नाही आणि क्वीन्सहून जाऊन-येऊन चालकाची अख्खी पाळी बुडते.